राखेने घासलेली बटणं

आई, परवा मी चाळीस पोरापोरींसमोर उभी राहून दीड तास बोलले. विषय होता, प्लास्टिकवर दिलेला धातूचा पातळ थर टिकवायचा कसा. तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "दीड तास? येवढ्याला?" पण एवढ्यावरच माझं सगळं आयुष्य निघालं, आणि चांगलं निघालं. फुशारकी नाही ही. बरं, थोडी आहे. अत्तराच्या बाटल्यांची टोपणं, रेडिओची बटणं, गाड्यांच्या दिव्यांमागच्या वाट्या, ज्या ज्या प्लास्टिकला चांदीचं सोंग आणायचं होतं, त्याची साल निघायला लागली की कारखानेवाले मला बोलवायचे. मी जायची, ओला अंगठा त्या प्लास्टिकवर ओढायची आणि कान द्यायची. चरचरलं तर ठीक. अंगठा मुकाट घसरला तर सांगायची, परत धुवा. तिथले साहेब आधी हसायचे आणि मग धुवायचे.

माझं बोलणं संपल्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, ही अंगठ्याची युक्ती तुम्हाला कोणी शिकवली?" या प्रश्नाला मी आजवर 'अनुभवाने' असं उत्तर देत आले आहे. त्यात वाईट काही नाही, सगळेच देतात. पण या खेपेला मी घरून ठरवून निघाले होते की कोणी विचारलं तर खरं सांगायचं. आणि सांगितलंही. म्हणजे, जवळजवळ सांगितलं. जे थोडं राहिलं त्यासाठी आज हे लिहायला बसले आहे.

भोरला ज्या वसतिगृहात तू भांडी घासायचीस, त्याची मागची मोरी मला अजून दगडांच्या भेगांसकट आठवते. आबा गेले, डोंगराच्या कडेचं आपलं भाताचं खाचर चुलत्यांच्या ताब्यात गेलं, आणि तू एक वळकटी आणि मला घेऊन गुंजवण्याहून निघालीस. चुलते म्हणाले होते, पोरीची जात, सातवी झाली, बास की. तू म्हणालीस, "बास का न्हाई त्ये ती सांगंल." भोरला तुला मिळण्यासारखं एकच काम होतं आणि ते तू पाटलिणीच्या तोऱ्यात केलंस. पोरांच्या आमटीची पातेली, बुडाला लागलेल्या कढया, परातींची चळत, आणि बाजूला वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात राख. राख म्हणजे कुठलीही राख नव्हे. शेणीची राख पितळेला, लाकडाची राख तेलकटाला. पेरणीआधी खाचरात पालापाचोळ्याचा राब भाजतात त्याची राख मात्र कशालाच नाही, कारण तिच्यात खडे. लाकडाची राख तू जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळून घ्यायचीस, आणि स्वयंपाकीणबाईंनी चुलीत कचरा जाळला की त्यांच्याशी भांडायचीस.

एकदा तुला ताप भरला म्हणून मी तुझ्या जागी बसले. तेव्हा मी नववीत असेन. भराभर उरकलं, भांडी उपडी घातली, आणि निघणार एवढ्यात तू घोंगडं पांघरून लटपटत आलीस. एका कढईतून ओला अंगठा ओढलास. "मुकी हाय ही. परत घास."

"आगं, चकाकतीय की!"

"चकाकतंय त्ये त्यालच चकाकतंय. भांडं बोललं पायजे."

पातेल्यावर पातेलं तू परत करत गेलीस. मी रडत, नाक ओढत, तुला मनातल्या मनात नावं ठेवत सगळं पुन्हा घासलं. शेवटच्या कढईत अंगठा ओढला तेव्हा ती खरोखर चरचरली, आणि तू घोंगडं सावरत आत गेलीस. शाबासकी वगैरे तुझ्या पोतडीत नव्हतीच. मीही मनाशी म्हटलं, हे भांडीवालीचं शास्त्र, मला काय करायचंय त्याचं? मी मॅट्रिक होणार, टेबलाशी बसणार.

मॅट्रिक झाले आणि टेबलही मिळालं. सत्तर साल उलटून गेलं होतं, घरोघर रेडिओ येत होते. भोरच्या बाहेर पत्र्याच्या एका शेडमध्ये आमचे साहेब रेडिओची बटणं करायचे. साहेब पुण्याचे, कडक इस्त्रीचे. विलायतेला गेले नव्हते, पण चालायचे असे की नुकते बोटीतून उतरलेत. शेडच्या एका टोकाला साचेवाले मामा. ते किकवीहून सायकलवर यायचे आणि हातदाबाच्या मशीनवर प्लास्टिकची बटणं पाडायचे. आम्ही सहा पोरी ती बटणं स्पिरिटच्या फडक्याने पुसायचो. त्यांवर लॅकरचा, म्हणजे रोगणाचा, पातळ हात बसायचा, मग ती भट्टीत सुकायची. नंतर लोखंडी पिंपात टांगून पंपाने आतली हवा काढायची आणि तारेच्या वेटोळ्यावर ॲल्युमिनियमचे तुकडे तापवायचे. काचेच्या झरोक्यातून बघितलं की तार पांढरीफटक पेटलेली दिसे, आणि श्वास घेऊन सोडावा एवढ्यात मळकट बटणांचे आरसे होत. मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल, पण झरोक्याला नाक लावायचं कधी सोडलं नाही. शेवटी माझं काम. चांदी झालेल्या बटणावर चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि एका झटक्यात उपटायची. पट्टी कोरी निघाली तर माल पास, पट्टीवर चांदी आली तर नापास. आमच्या भाषेत, साल निघाली.

पहिले सहा महिने साल निघाली नाही आणि साहेबांचं पाऊल जमिनीला लागेना. पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम आलं, आणि नेमकं तेव्हापासून पट्टी उपटली की बटण उघडं पडू लागलं. साहेबांनी लॅकर बदललं, भट्टी वाढवली, पंप उघडला. मग त्यांची नजर आमच्या वेण्यांवर गेली. पोरी केसांना हात लावतात, खोबरेल बोटांना लागतं, बोटांचं बटणांना. त्यांनी फर्मान काढलं, कामाला येणारीने डोक्याला तेल लावायचं नाही. आणि माझ्या हातून शेवटची तपासणी म्हणून माझं डोकं ते रोज लांबूनच निरखायचे. यात चूक काही नव्हती बरं, बोटाचं तेल वाईटच. पुढे मीही कितीतरी पोरींना डोक्याला फडकं बांधायला लावलं. पण आमचं तेल बंद होऊन महिना होत आला तरी साल निघतच होती, हे त्यांनी बघायला हवं होतं.

तुला या फर्मानाचं काही घेणंदेणं नव्हतं. रविवारी तू मला पकडलंस. "आगं बये, ह्या डोक्याचं काय केलंस? भुतानं उपटल्यावानी दिसतंय." मी साहेबांचा नियम सांगितला. "साहेबाला म्हनावं, तुजी बटनं तुज्यापाशी. पोरीचं डोकं माजं हाय." गुडघ्यांत मला दाबून धरलंस आणि अर्धी बाटली ओतलीस. मी ओरडले, पण तुझी बोटं डोक्यातून फिरायला लागली तशी डोळे मिटले. त्या महिन्याभरातला तेवढाच सुखाचा अर्धा तास.

सोमवारची सगळी खेप सोलली. साहेब माझ्या टेबलाशी आले, वाकले, आणि त्यांना वास आला. आरडाओरडा त्यांचा स्वभाव नव्हता. ते हळू बोलले, तेच जास्त लागलं. "शुक्रवारी गिऱ्हाईक माल बघायला येणार आहे. उद्याच्या खेपेचीही साल निघाली, तर परवापासून तुम्ही येऊ नका." मी खोलीवर आले ती तुझ्यावर तुटून पडले. तुझ्या तेलाने माझी नोकरी घालवली, म्हणाले. नोकरी गेली म्हणजे काय होणार ते दोघींना ठाऊक होतं. चुलत्यांनी मार्गासनीतलं एक स्थळ धरून ठेवलं होतं, बायको मेलेला माणूस, आणि तू दर खेपेला "पोरगी कमावती हाय" एवढ्या एका वाक्यावर त्यांना वाटेला लावत होतीस. मी नाही नाही ते बोलले. तू भाकरी थापत राहिलीस.

मंगळवारी साहेब सकाळी पुण्याला गेले होते, दुपारी यायचे होते. मी ताटात बटणं मांडत होते आणि मागच्या दाराशी तू. डोक्यावर पदर, काखेत राखेचा डबा.

"माज्या त्यालानं नासलं ना? मंग म्याच काडते. कुठं हायेत ती बटनं?"

"आई, जा तू. साहेब येतील."

"घासल्याबिगर न्हाई जायाची."

तुझ्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मामांनी तुला नळ दाखवला. तू एक बटण उचललंस, ओलं केलंस, अंगठा ओढलास. "मुकं हाय." मग नाकाशी नेलंस. परत नेलंस. मला अजून दिसतेस तू, नळाशी उकिडवी बसलेली, बारकं काळं बटण नाकाला लावून डोळे मिटलेली. "ह्याला त्याल हाय. पर ह्ये माज्या बाटलीतलं न्हाई. ह्ये कढईतलं त्याल हाय. शेंगदान्याचं."

मी म्हणाले, काहीतरीच. तू म्हणालीस, "म्या रोजच्या ईस कढया घासते. मला सांगतीस व्हय?" मग मी मशीनमधून नुकतंच पडलेलं, कुणाचंच बोट न लागलेलं एक बटण चिमट्याने आणून तुझ्यापुढे धरलं. त्यालाही तोच वास. आपण दोघींनी एकदमच मामांकडे बघितलं. मामा बिचारे कानापर्यंत लाल.

"आवो, साच्यातनं बटान सुटंना," ते म्हणाले. "साहेबांनी साच्याला माराया दिल्याली फवाऱ्याची बाटली संपली व्हती. मागायची तर म्हनले आसते, येवढी लवकर कशी संपली? मंग घरनं वाटीभर गोडंत्याल आनलं आन साच्याला फिरवलं. म्हनलं, कुनाला कळतंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. सहा पोरींची डोकी महिनाभर कोरडी, आणि तेल साच्यातच. स्पिरिटच्या फडक्याने आम्ही पुसत होतो म्हणजे एका बटणाचं तेल दुसऱ्याला लावत होतो. बटणं चकाकत होती, आणि चकाकत होतं ते तेलच. नववीत मोरीवर रडत शिकलेला धडा मी टेबलाशी बसल्यावर विसरून गेले होते.

तू राख परत एकदा चाळलीस. काथ्या बाजूला ठेवलास. "ह्याची कातडी न्हान्या पोराची हाय," म्हणालीस आणि कनवटीची मऊ चिंधी काढलीस. राख, पाणी, चिंधी. एकेक बटण, मागून-पुढून, धारेखाली धरून अंगठा. चरचरलं की ताटात. घासून बटणांची चकाकी गेली, ती पांढुरकी, मंद दिसायला लागली. "आई, ओरखडे पडतायत गं." तू मान वर न करता म्हणालीस, "गुळगुळीत भुईला सारवण धरतंय का? जरा खरवडली का धरतंय." पुढे मी या विषयावर जाडजाड पुस्तकं वाचली. त्यांत तेल का काढायचं, पृष्ठभाग खडबडीत का करायचा, हे आकृत्यांसकट होतं. तुझ्या दोन वाक्यांपलीकडचं फारसं काही निघालं नाही.

साहेब आले तेव्हा दोन ताटं झाली होती. ती पांढुरकी बटणं बघून त्यांचा चेहरा उतरला. "राखेने? हे करायला कोणी सांगितलं?" मी म्हणाले, "मी." मामांच्या वाटीचंही मी सांगितलं नाही, नुसतं म्हणाले की साच्याचं तेल राहतंय असं वाटतं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, ताटांकडे बघितलं. दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या जबाबदारीवर."

लॅकर बसलं आणि त्याने सगळे बारीक ओरखडे पिऊन टाकले. भट्टी, पिंप, पंप, झरोक्यातला तो पांढरा उजेड. बटणं बाहेर आली ती पहिल्यापेक्षा झळझळीत. पट्टी मी लावणार होते, साहेबांनी हातातून घेतली. नखाने दाबली, उपटली. कोरी. दुसरं बटण, कोरी. दहावं, विसावं, कोरी. मग त्यांनी एक बटण नखाने खरवडायला घेतलं आणि नखच दुखावून घेतलं. त्या माणसाला मी पहिल्यांदा दात दाखवून हसताना पाहिलं. "कल्पना तुमची?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "माझी."

आता तुला वाटेल, मी या 'माझी'बद्दल रडगाणं गायला बसले आहे. अजिबात नाही. आयत्या बिळावर नागोबा झाले हे खरं, पण त्याआधी 'मी' म्हणाले होते तेव्हा बटणं अजून लॅकरलाही लागली नव्हती. फसलं असतं तर मान माझी जाणार होती. जे नुकसानीत पुढे झालं त्याने नफ्यात मागे का सरावं? साहेबांनी मला पुण्याला शिकायला पाठवलं, शिक्षणाचे पैसे भरले, तीन वर्षांत माझ्या हाताखाली दोन शेड दिल्या. मार्गासनीचं स्थळ मार्गासनीतच राहिलं. या सगळ्याचं मला भूषण आहे, आणि तुलाही होतं. पुण्याच्या घरी स्टीलच्या भांड्यांना पावडर लावताना तू कुरकुरायचीस, "ह्या पावडरीला जीव न्हाई," आणि शेजारणीला मात्र ऐकवायचीस की माझी पोरगी साहेबांची साहेब आहे. राखेचा विषय तू शेवटपर्यंत काढला नाहीस.

त्या मंगळवारीही नाही. संध्याकाळी मी खोलीवर आले तर तू बाटली घेऊनच बसली होतीस. "साहेब खूश झालं?" मी म्हणाले, झाले. "मंग झालं तर. ये, डोकं दे हिकडं." मी तुझ्या गुडघ्यांत बसले. तुझ्या बोटांच्या भेगांत राख होती आणि तेलाने ती निघत नव्हती. मी वाट बघत राहिले की आता बोलशील, आता कान उपटशील. अर्धवट घासलेल्या पातेल्यासाठी तू मला तासभर रडवलं होतंस. त्या दिवशी काहीच बोलली नाहीस.

कारण साहेब आले तेव्हाचं सगळं मी वर लिहिलेलं नाही. मागच्या दारातून आत आल्यावर त्यांनी बटणांचं विचारण्याआधी तुझ्याकडे बोट केलं. तू नळाशी होतीस, लुगडं खोचलेलं, हात कोपरापर्यंत काळे. "या बाई कोण?" आणि मी म्हणाले, "वसतिगृहात भांडी घासतात त्या." शब्द एकही खोटा नव्हता. तुझा हात थांबला नाही. ताटातली उरलेली बटणं घासलीस, अंगठा ओढून बघितलास, हात धुतलेस, डबा काखेत मारलास आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिलीस. "ताई, झाली तुमची बटनं. जाऊ का मी?" मी 'हो' म्हणाले. तू साहेबांनाही रामराम केलास आणि मागच्याच दाराने गेलीस.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही. तुझा तो डबा माझ्याकडे आहे, त्यात त्या दिवशीचं एक बटण आहे, चांदी अजून जिथल्या तिथे. त्याच्या खाली घालून ठेवेन. फक्त परवाचं तेवढं सांगते. त्या मुलीला मी खणखणीत आवाजात म्हणाले, "भोरला वसतिगृहात भांडी घासणाऱ्या एका बाईंनी शिकवलं." टाळ्या पडल्या, आई, खूप पडल्या. मुलगी अजून उभीच होती. तिने विचारलं, "त्या तुमच्या कोण होत्या, मॅडम?"

मी म्हणाले, "ओळखीतल्या होत्या."